टेलरबाईंचे अठरा टाके

टेलरबाईंच्या घरात आजार मोजायचं एकच माप होतं, ते म्हणजे टाके. ताप किती चढला, वजन किती उतरलं, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं नंतर. आधी टाके किती पडले ते सांगा. ज्याचे टाके जास्त त्याचं दुखणं मोठं, त्याला उशा जास्त, त्याला बघायला येणारे जास्त आणि पुढची वीस वर्षं त्याने तो विषय काढला तरी कुणी जांभई द्यायची नाही. टेलरबाईंचे सासरे बिचारे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. माणूस जिवानिशी गेला, पण टाका एकही नाही. त्यामुळे त्यांच्या आजारपणाला त्या घरात म्हणावा तसा मान कधी मिळालाच नाही.

मान होता तो सासूबाईंना. त्यांच्या पोटावर बावीस टाके होते. तरुणपणी त्यांच्या आतड्याचं काहीतरी मोठं ऑपरेशन झालं होतं. आतड्याला पीळ पडला होता, की गाठ होती, की दोन्ही होतं, हा तपशील दर वेळी थोडा बदलत असे, पण बावीस हा आकडा कधी जागचा हलला नाही. शेजारीपाजारी कुणाचं काही झालं की लोक आधी त्या आकड्याशी ताडून बघत. थोरल्या नणंदेचे बाळंतपणातले नऊ, म्हणजे ती दुसऱ्या नंबरावर. टेलरबाईंचा त्यात नंबरच नव्हता. उभ्या गल्लीच्या कपड्यांना टाके घालत त्यांचा जन्म चालला होता आणि स्वतःच्या अंगावर मात्र औषधालासुद्धा एक नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी माहेरून एक पायाचं शिलाई मशीन आणलं आणि ते पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलं. आधी शेजारणीच्या उशीचे अभ्रे, मग पोरांच्या गणवेशाच्या चड्ड्या, असं करत करत त्यांचं नावच मागे पडलं आणि त्या सगळ्यांच्या टेलरबाई झाल्या. नवे कपडे कुणीही शिवतो. टेलरबाईंचा हात बसला होता तो दुरुस्तीवर. थोरल्याचा कोट धाकट्याला बसवणं, दप्तराची तुटलेली चेन बदलणं, बापाच्या पॅंटमधून पोराची पॅंट काढणं. कंबर सैल करून देण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, कारण कंबर सैल करताना त्या गिऱ्हाइकाला जाड झालास असं चुकूनही म्हणत नसत. "कापडच आटलंय हो," असं म्हणत. "हल्ली कापडात काही राम राहिला नाही." गिऱ्हाईक खूश, कापड निमूट. टेलरबाई खोटारड्या नव्हत्या. पण मापाच्या बाबतीत समोरच्याचं मन राखायची सवय त्यांच्या हाडात मुरली होती, आणि पुढे जे घडलं त्याचं खापर मी तरी त्या सवयीवरच फोडतो.

उजव्या बरगडीखाली अधूनमधून कळ येई. त्याला त्या पित्त म्हणत. कळ आली की मशीनच्या कडेवर पोट दाबून धरायचं आणि पेडल मारत राहायचं, हे त्यांचं औषध. हे औषध दोन वर्षं लागू पडलं. मग एका सकाळी त्या एका हेडमास्तरांच्या कमरेचं माप घेत होत्या. टेप हेडमास्तरांभोवती गुंडाळलेली, दोन्ही टोकं टेलरबाईंच्या मुठीत, आणि तेवढ्यात अशी जबरदस्त कळ आली की त्या जागच्या जागी दुमडल्या. मूठ काही सुटेना. हेडमास्तर घाबरून सोडवायला गेले तर टेप आणखीनच आवळली. शेवटी टॅक्सी आली तेव्हा टेलरबाई पुढे, टेप मध्ये आणि हेडमास्तर मागे, अशी ती वरात दवाखान्यात पोहोचली. तिथल्या माणसाने दोघांपैकी पेशंट कोण ते आधी विचारून घेतलं.

पित्ताशयात खडे निघाले. सर्जन अगदी पोरगेलासा होता. तो म्हणाला, पित्ताशयच काढून टाकू. खिशातला रुमाल काढावा तितक्या सहज म्हणाला. पोट उघडायचं नाही, चार बारीक छिद्रं पाडायची, आत हवा भरून पोट फुगवायचं, एका छिद्रातून दुर्बीण घालायची आणि बाकीच्यांतून काम उरकायचं.

"दुर्बीण कशाला?" सासूबाईंनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं. "हा काय लांब उभा राहून करणार आहे का? जवळ जाऊन बघायला सांग त्याला."

टेलरबाईंचे यजमान वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घ्यायचे. सरळ माणूस. जे दिसेल ते लिहायचं आणि पुढच्या दारात जायचं, एवढंच आयुष्यभर केलेलं. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी नर्सने त्यांना घाईघाईने विचारलं, "गॅस पास झाला का?" ते म्हणाले, "हो, पास होऊन झाली की बरीच वर्षं. जुनंच कनेक्शन आहे आमचं." नर्स भिंतीला टेकून हसली. टेलरबाईंनाही हसू फुटलं, पण ते पोटातून निघालं आणि पोटानेच त्याला आडवं पाडलं. पोट धरून हसतात म्हणजे काय करतात, ते त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी सर्जन आला तेव्हा त्यांनी घरचा प्रश्न विचारला. "किती टाके पडले?"

"एकही नाही!" सर्जनने बक्षीस जाहीर करावं तसं सांगितलं. "वरून गोंद लावलाय. आतमध्ये एखादा आहे, पण तो दोरा आपोआप विरघळून जातो."

टेलरबाईंनी डोळे मिटून घेतले. गोंद! चौकातला तो दुसरा टेलर पॅंटचा काठ चिकटपट्टीने चिकटवून देतो आणि पहिल्याच धुण्यात काठ लोंबायला लागतो, म्हणून त्यांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं होतं. आणि आता स्वतःचंच पोट गोंदाने चिकटवलेलं. शिवाय विरघळणारा दोरा! तो दोरा त्यांनी वापरला असता तर अर्धी गल्ली भर रस्त्यात उघडी पडली असती. सर्जन गेल्यावर त्यांनी गाऊन जरा बाजूला करून पाहिलं. एक बेंबीशी, तीन इकडेतिकडे, प्रत्येक बोटाच्या पेराएवढं. काजं होती ती, अगदी शर्टाला करतात तशी. बटणं तेवढी लावायची राहिली होती.

आता, बाहेरून काजं असली तरी आत काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. कुशीवर वळायचं म्हणजे आधी मनाची तयारी करायची. खोकला आला तर तो गिळायचा. शिंक म्हणजे तर संकटच. आणि सगळ्यात कहर म्हणजे ऑपरेशन पोटाचं आणि ठणकत होता उजवा खांदा. भरलेली हवा वर जाऊन अडकते आणि तिचं दुखणं खांद्यात येतं, असं सर्जन म्हणाला. पण हे घरी कुणाला सांगायचं? पोट कापलं आणि खांदा दुखतो, असं म्हणणारी बाई कामचुकारच ठरणार. दोन आठवडे मशीनला पाय लावायचा नाही, महिनाभर वजन उचलायचं नाही, पेडलचा सगळा ताण पोटावर येतो, असं सर्जनने बजावून सांगितलं होतं. टेलरबाईंनी पलंगावर पडल्या पडल्या हिशोब मांडला. बावीस टाक्यांच्या घरात शून्य टाके घेऊन जायचं आणि दोन आठवडे झोपून राहायचं? पहिले दोन दिवस लोक चहा आणून देतील. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणेल, नुसती एक चेन तर बसवायचीये. चौथ्या दिवशी त्या मशीनवर असतील, आणि गोंदाचं काय होणार ते गोंदालाच माहीत.

टॅक्सीतून उतरून त्या जिन्याशी पोहोचतात न पोहोचतात तोच तळमजल्यावरच्या काकू दारात आल्या. "आलात? बाई बाई, किती उतरलात! किती टाके?"

यजमानांनी खरं सांगायला तोंड उघडलंच होतं.

"अठरा," टेलरबाई म्हणाल्या.

अठराच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जाड कापडाला मशीनमध्ये अठरा नंबरची सुई घालतात, तो आकडा जिभेवर होता म्हणून असेल. शिवाय सासूबाईंच्या बावीसच्या खालीच राहिलेलं बरं, सुनेने सासूच्या वर जाऊ नये, एवढं भान त्यांना त्या अवस्थेतही होतं.

खोलीत आल्यावर यजमानांनी दार लोटलं. "अगं, अठरा कुठले? मीटरवर तर शून्य आहे."

"तुम्ही गप्प बसा हो. कुणी विचारलं तर मला विचारा म्हणावं."

"मला खोटं बोलता येत नाही."

"म्हणून तर गप्प बसा म्हणतेय."

त्यांनी ते पाळलं. कुणी विचारलं की ते म्हणत, "रीडिंग तिच्याकडे आहे," आणि कान लाल करून दुसऱ्या खोलीत निघून जात. सासूबाईंच्या कानावर आकडा गेला तेव्हा त्या भांडी पुसत होत्या. त्यांनी सुनेकडे जरा वेळ बघितलं. "अठरा," त्या म्हणाल्या. "बरे आहेत." एवढंच म्हणाल्या आणि पुसलेलं भांडं परत पुसायला लागल्या. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी पुढच्या दारात खुर्ची टाकली. मशीनवर जुनी चादर घातली आणि चादरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला, म्हणजे कुणाला चादर पटकन उचलता येऊ नये. गिऱ्हाइकं येतच होती. एकाची मुलाखत होती आणि कोटाची बाही लांब होती. एका बाईची पर्स उसवली होती. एकजण म्हणाला, "नुसतं बटणच तर लावायचंय, बसल्या बसल्या होईल."

"तिला अठरा टाके आहेत," सासूबाई म्हणाल्या. "बटण लावता लावता तिचंच उसवलं तर तू शिवणार आहेस का?"

त्याने बटण खिशात टाकलं आणि जिन्याने उतरला. हेडमास्तरसुद्धा येऊन गेले, टेप परत द्यायला. त्यांना मात्र सासूबाईंनी चहा विचारला, कारण ते ऑपरेशनच्या वरातीत होते.

आतल्या खोलीत टेलरबाई पलंगावर पडून हे सगळं ऐकत. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि भर दुपारी आडवं होण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सुरुवातीला त्यांना ते जमेचना. दाराची बेल वाजली की पाय आपोआप पेडल शोधायचे. छताला कुठे कुठे पोपडे धरलेत ते पाहून झालं, पंख्याचं एक पातं बाकीच्या दोन पात्यांपेक्षा जरा वाकडं आहे हे शोधून झालं. पण हळूहळू त्यांना चटक लागली. मऊ भात कुणीतरी समोर आणून ठेवतंय. चहाचा कप कुणीतरी उचलून नेतंय. दुपारी डोळा लागतोय आणि जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर दुसऱ्याच जागी गेलेलं असतंय. झोप खोटं बोलून मिळवलेली होती, पण झोप मात्र शंभर टक्के खरी होती. दूर नोकरीला असलेल्या मुलाचा फोन आला तेव्हा त्या इतक्या सुस्त आवाजात बोलल्या की त्याने घाबरून वडिलांना फोन द्यायला सांगितला.

आणि मग नणंदेचा फोन आला.

थोरली नणंद म्हणजे सासूबाईंची मुलगी. तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. जखमा पुसणं, पट्ट्या बदलणं, टाके काढायला सिस्टरच्या हाताखाली उभं राहणं, यात तिची उमर गेली होती, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. "रविवारी येतेय," ती फोनवर म्हणाली. "एव्हाना टाके काढायला आले असतील. डॉक्टरकडे कशाला जाता? मीच काढते. माझी कात्री घेऊन येते."

पित्ताशय काढलेल्या रिकाम्या जागी टेलरबाईंच्या पोटात मोठा गोळा आला.

सगळ्या जगाला फसवता येईल, पण ताईंना? त्या चादर बाजूला करतील, चार काजं बघतील आणि त्यांचा आवाज तर तळमजल्यावर काकूंपर्यंत जातो. मग चादर निघाली मशीनवरची. मग वर्तमानपत्रं निघाली. आणि नुसतं कामाचं असतं तर एक वेळ चाललं असतं. कामाला टेलरबाई कधी भ्यायल्या नव्हत्या. पण टाके नाहीत म्हणजे दुखलंही नाही, हे नाटकच होतं, असं सगळे धरून चालतील, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. कारण दुखत होतं. अजून दुखत होतं.

शनिवारी दुपारी सासूबाई पुढच्या खोलीत डुलक्या घेत असताना टेलरबाई हळूच उठल्या. कपाटाच्या खालच्या खणात अस्तराचे तुकडे होते. त्यांतला एक त्यांनी पोटाशी धरून बघितला. रंग जुळला. काळा दोरा ओवला, पलंगावर पाय पसरून बसल्या आणि अस्तराच्या त्या पट्टीवर हाताने टाके घालायला लागल्या. पट्टी पोटावर चिकटवायची, वर पातळ जाळी लावायची आणि ताईंना लांबूनच दाखवायची, हात लावू द्यायचा नाही. असा बेत होता. आता हा बेत शहाण्या माणसाला सुचला असता का, ते विचारू नका. पण सुई हातात आल्यावर टेलरबाईंना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. आधी कापड किंचित चिमटीत धरून उंच केलं, म्हणजे जखम सुजल्यासारखी दिसेल. मग टाका, गाठ, टाका, गाठ. बारा झाले. तेरा झाले. चौदावा त्यांना जरा तिरका वाटला म्हणून त्यांनी तो उसवून परत घातला.

"फार सरळ येतायत," दारातून आवाज आला.

सासूबाई उभ्या होत्या. टेलरबाईंनी पट्टी पांघरुणाखाली सारली, पण दोरा सुईला होता आणि सुई बोटात, त्यामुळे सारलेली पट्टी परत बाहेर आली. सासूबाईंनी ती घेतली, चष्मा लावला आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली.

"डॉक्टर एवढे सरळ घालत नाहीत. त्यांना कुठे इस्त्री करायची असते?"

"आई, मी..." टेलरबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग जे पोटात होतं ते सगळं एकदम ओठावर आलं. "आई, मी खोटं बोलले. एकही टाका नाही. गोंद लावलाय."

"मला माहितीये."

"कुणी सांगितलं? ह्यांनी?"

"तो काय सांगतोय! त्याचे कान सांगतात, पण तेही नंतर. तू घरी आलीस तेव्हा तुझा गाऊन कुणी बदलला? मीच ना? चार भोकं होती. मी मोजली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पोटात ठेवलं," सासूबाई म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "तुझ्या पोटात आता कुठे जागा झालीये. माझ्या पोटात पहिल्यापासून आहे."

टेलरबाईंना हसू आलं आणि लगेच कळ आली. सासूबाईंनी मात्र तोंड वळवून दाराकडे एकदा बघितलं, आणि मग कपडा बाजूला सारून आपलं पोट उघडं केलं. इतक्या वर्षांत बावीस टाके सगळ्यांनी ऐकले होते, पण पाहिले कुणीच नव्हते. टेलरबाईंनी वाकून बघितलं. नजर दुरुस्तीवालीची. एक बारीक, सरळ ओळ होती, जुन्या चांगल्या हाताची. आणि तिच्याच अंगावर दुसरी, मोठी, घाईची, दोन्ही बाजूंनी चुण्या पडलेली.

"हे उसवून परत शिवलंय," टेलरबाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे बावीस नाहीत."

"अकरा आणि अकरा." सासूबाईंनी कपडा सारखा केला. "घरी आले, त्याला चार दिवस झाले होते. मला कुणी ऊठ म्हणालं नाही हो, खोटं कशाला सांगू. पण झोप असंही कुणी म्हणालं नाही. दारात पाण्याची भरलेली बादली होती. सासू बादलीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग परत बादलीकडे. शेवटी मीच उचलली. बादली आत ठेवली, आणि खाली बघितलं तर कपडा भिजलेला. मला वाटलं पाणीच सांडलं."

टेलरबाईंनी सासूबाईंचा हात धरला. त्यांना तो सुटेचना.

"परत आणलं तेव्हा लोक विचारायला लागले, किती टाके. मी म्हटलं, अकरा. तर म्हणे, एवढेच? मग मी दोन्ही मिळून सांगायला लागले." सासूबाईंनी सुईचा दोरा दातांनी तोडला आणि पट्टी घडी करून स्वतःच्या कमरेला खोचली. "हे राहू दे. ताई माझी लेक आहे. तिला काय सांगायचं ते मी बघते. तू झोपून राहा."

रविवारी नणंद आली ती हात धुऊनच आली. पिशवीतून कापसाचा बोळा, औषधाची बाटली आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली कात्री काढून तिने पलंगाशेजारी ओळीने मांडली. टेलरबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. यजमानांना सासूबाईंनी सकाळीच सामान आणायला पिटाळलं होतं, आणि यादी अशी दिली होती की दुपारच्या आत परत येणं शक्यच नव्हतं.

"दाखवा वहिनी. लाजायचं काय त्यात? मी रोज पन्नास पोटं बघायचे."

"काढले ते," दारातून सासूबाई म्हणाल्या. "कालच. डॉक्टरांनी."

"अरेच्चा. मला सांगायचं नाही का? मग निदान जखम तरी बघते, पाणी बिणी येत असेल तर." नणंदेने चादरीला हात घातला. "अठरा होते ना गं आई?"

"चोवीस."

नणंदेचा हात तिथेच थांबला. "चोवीस?"

"ती भिडेखातर अठरा म्हणते. चोवीस होते." सासूबाईंनी एकदा घसा खाकरला. "माझ्यापेक्षा दोन जास्त."

नणंद आईच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मापासून ती बावीस टाक्यांच्या सावलीत वाढली होती. मामाच्या अपघातात मामाला सव्वीस पडले तेव्हा आईने त्यांतले चार डोक्याचे म्हणून धरले नव्हते, डोक्याचे वेगळे मोजतात म्हणाली होती. ही बाई आपण होऊन, भर दिवसा, सुनेला आपल्या वर बसवते? टेलरबाईंना नणंदेच्या चेहऱ्यावर आधी संशय दिसला. मग तो संशय आईच्या डोळ्यांपर्यंत जाऊन परत आला, आणि येताना नुसता मऊ होऊन आला. तीस वर्षं पेशंटच्या उशाशी उभं राहिलेल्या बाईला, चादरीखाली काय आहे यापेक्षा चादर उचलू नये हे कधी महत्त्वाचं असतं, ते कळलं असावं.

तिने चादर सोडली. कात्री फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"मग महिनाभर हलायचं नाही वहिनी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. तळमजल्यापर्यंत गेला असेल. "चोवीस म्हणजे काय खायचं काम आहे? आई, भांडी राहिलीत का? मी घासते." आणि बाह्या सावरत ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून भांड्यांचा आवाज यायला लागला.

सासूबाई पलंगाशी आल्या. त्यांनी चादर नीट केली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि कडेला टेकल्या.

"दुखतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

हा प्रश्न टेलरबाईंना कुणी विचारलाच नव्हता. काकूंनी टाके विचारले, गिऱ्हाइकांनी कपडे कधी मिळतील ते विचारलं, यजमानांनी गोळ्या घेतल्यास का ते विचारलं, मुलाने काळजी करू का ते विचारलं. टेलरबाई सवयीने म्हणणारच होत्या, नाही हो, काही विशेष नाही. गिऱ्हाइकांना कापड आटलंय म्हणून सांगायच्या त्याच आवाजात. पण तो आवाज आलाच नाही.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "खूप दुखतं, आई. आणि खांदासुद्धा दुखतो."

आणि त्यांना रडू फुटलं. रडलं की पोट हलतं आणि पोट हललं की दुखतं, त्यामुळे त्यांना धड रडताही येईना. सासूबाईंनी पायाकडची उशी ओढली, दुहेरी केली आणि त्यांच्या पोटावर ठेवून तळहाताने दाबून धरली.

"आता रड," त्या म्हणाल्या. "असं दाबून धरलं की कमी दुखतं. मला फार उशिरा कळलं हे."

टेलरबाई रडल्या. सासूबाई उशी तशीच धरून बसल्या होत्या.